इंगोल्यांच्या नऊ ओळी

गजानन इंगोल्यांना कवितेतलं काही कळत नाही, हे मी आमच्या ऑफिसात निदान वर्षभर सगळ्यांना सांगत होते. कोणी विचारलं नसताना सांगत होते. एकदा तर ते माझ्या मागेच उभे असताना सांगितलं. ते मान डोलावून म्हणाले, "खरं आहे मॅडम. मले काय कळते त्यातलं." आणि चहाचा कप घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसले. ते तेव्हा चिडले असते तर पुढचं बरंचसं घडलं नसतं, असं मला अजून वाटतं.

त्या दिवसांत पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. ज्याच्या घरी जावं त्याचा मुलगा नाहीतर जावई अमेरिकेच्या वाटेवर असायचा. आमचे मालक बापट या धांदलीत जरा उशिरा शिरले. कोथरूडमधल्या स्वतःच्या बंगल्याच्या तळमजल्यावर आठ संगणक मांडून ते शाळेच्या धड्यांच्या सीडी काढायचे. धडे लिहायला मी होते. माझ्या नावावर एक कवितासंग्रह होता, दिवाळी अंकांत दरवर्षी दोन-तीन कविता यायच्या आणि वाचनालयाच्या कोजागरीला मला आवर्जून बोलावणं असायचं. संग्रहाच्या उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या आणि घर झाडताना त्या दरवेळी हलवाव्या लागायच्या. पण मी कवयित्री होते. त्या तळमजल्यावर ही जागा एकच होती आणि ती भरलेली होती.

इंगोले आले ते चित्रं हलवायला. पडद्यावर बेडूक उडी मारतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ते काम त्यांचं. वय चाळिशीचं, अंग किडकिडीत, शर्टाचं गळ्याचं बटणही लावलेलं. मुलाखतीत बापटांनी विचारलं, "आधी काय करत होता?"

"दारव्ह्याले बोर्ड रंगवत होतो जी."

दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, दवाखान्यांची नावं, असं त्यांनी वीस वर्षं केलं होतं. मग प्लॅस्टिकची कापलेली अक्षरं आली आणि ब्रशला काम उरेना. थोरला भाऊ खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होता. तो म्हणाला, इकडे ये. भावाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हे बायकोसकट येऊन राहिले आणि आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून संगणक शिकले. बापटांनी परीक्षा म्हणून कंपनीचं नाव पडद्यावर लिहायला सांगितलं. इंगोल्यांनी आधी मधलं अक्षर टाकलं. मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं करत दोन्ही कडांना एकदमच पोचले.

"मधूनच का?" बापटांनी विचारलं.

"पहिल्यापासून लिहिलं तं शेवटचं अक्षर भिंतीबाहेर जाते, साहेब. एका किराणावाल्याचं 'भांडार' मी असंच 'भांडा'वर सोडलं होतं. तवापासून मधून."

बापट हसले आणि त्यांना घेतलं. मीही हसले. अजून मला त्यांच्याविषयी काही वाटत नव्हतं.

त्यांची एक सवय सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. दर दहा मिनिटांनी ते उठायचे, पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे मागे जायचे आणि एक डोळा मिटून पडद्याकडे बघायचे. कधी कोणाच्या खुर्चीला धडकायचे, कधी कोणाच्या डब्याला. "बोर्ड रस्त्यावरून वाचतेत, मॅडम. जवळून फक्त पेंटरच पाहते." आणि कुठेही काही अडलं की त्यांचं एकच वाक्य, "जागा देऊन पाहू." आकृती समजत नाही, जागा देऊन पाहू. जेवणाच्या टेबलावर गर्दी झाली, जागा देऊन पाहू. हिशेबनीस आणि शिपाई भांडले, तेव्हाही त्यांनी दोघांची टेबलं लांब केली आणि भांडण मिटलं.

आमची पहिली ठिणगी उडाली ती वनस्पतीच्या धड्यावर. मी लिहिलं होतं, 'मुळांनी शोषून घेतलेले पाणी खोडातील सूक्ष्म नलिकांद्वारे पानांपर्यंत पोहोचते.' इंगोल्यांनी झाडाच्या बुंध्याशी फक्त 'पाणी' एवढा शब्द ठेवला. तो खोडातून हळूहळू वर चढायचा, फांदीशी आल्यावर थबकायचा. मूल जी फांदी दाबेल तिकडे तो वळायचा आणि ते पान हिरवं व्हायचं. माझं वाक्य कुठेच नव्हतं.

"अहो इंगोले, माझं वाक्य?"

"लांब होतं, मॅडम. पानी एवढं बोलत नाही."

सगळं ऑफिस खदखदून हसलं. मी म्हटलं, "वा. पाण्याचं मन ओळखणारे आमच्याकडे आहेत हे माहीत नव्हतं." त्यांना त्यातला टोमणा कळला की नाही ठाऊक नाही. ते म्हणाले, "पानी शोधाले लय हिंडलो ना जी आमी." त्या धड्याची सीडी शाळांना फार आवडली. बापटांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास मला वाटलं की माझीही कविता पडद्यावर हलावी. नव्या जमान्याची कवयित्री वगैरे. माझी 'पायरी' नावाची कविता होती. संग्रहातली सगळ्यात गाजलेली, म्हणजे दोन अनोळखी माणसांनी पत्रं लिहून आवडल्याचं कळवलेली. ती मी इंगोल्यांना दिली आणि म्हटलं, हिला जरा हालचाल द्या. त्यांनी ती दोन दिवस समोर ठेवली. शब्द इकडे नेले, तिकडे नेले. भिंतीला पाठ लावून बघितली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. ही हलत नाही."

"हलत नाही म्हणजे?"

"एक ओळ उचलली का दुसरी पडते. तुमी सगळं एकामागं एक घट्ट बांधलं आहे. वाचनाऱ्याले मधी पाय ठेवाले जागा नाही. जागा देऊन पाहिली, तं नुसती जागाच दिसते."

पुण्यातल्या एकाही समीक्षकाला माझ्या कवितेविषयी इतकं नेमकं काही सांगता आलं नव्हतं. ते सांगणारा माणूस दारव्ह्याच्या बाजारात भिंती रंगवत आला होता आणि त्याचा सूर अगदी साधा होता, मला दुखवायचं त्याच्या मनातही नव्हतं. मी म्हटलं, "राहू द्या. तुम्हाला सवय नाही." घरी जाऊन रडले. तेव्हापासून मी त्यांचा हेवा करायला लागले, आणि तो मी पुढे नेमाने सांभाळला.

दोन-एक महिन्यांनी ते म्हणाले, "मॅडम, मी एक करून पाहिलं. कविता आहे का नाही ते तुमी सांगा." आणि माझ्या संगणकावर ते टाकून ते डबा खायला गेले.

तिचं नाव 'झडती'. पडद्याच्या डाव्या बाजूला नऊ ओळी रांगेत उभ्या होत्या, खडकीच्या कारखान्याच्या दारावर सकाळी माणसं काडेपेटीच्या झडतीला उभी राहतात तशा. मधे वरपासून खालपर्यंत एक रेघ आणि तिच्यात एक फट, तेच दार. उजवीकडे सगळी मोकळी जागा. ओळी स्थिर नव्हत्या, जराशा चुळबुळत होत्या. 'भाऊ कामाला जातो.' 'खिशात काही नाही.' 'काडी बाहेर ठेव.' 'वहिनी चूल पेटवते.' 'मूल झोपेत हसतं.' 'हात धुतले तरी वास राहतो.' 'सायकल एकटी उभी.' 'भोंगा आता होईल.' आणि शेवटी, 'आज सगळे परत आले.' कोणत्याही ओळीवर टिचकी मारली की ती रांग सोडून दाराशी यायची. तिथे तिची झडती व्हायची. तिच्यातला एक शब्द निसटून खालच्या पट्टीत पडायचा, आणि उरलेली ओळ फटीतून आत जाऊन मोकळ्या जागेत कुठेतरी थांबायची.

मी 'खिशात काही नाही' वर टिचकी मारली. 'नाही' खाली पडलं. आत गेलं ते 'खिशात काही.' मी 'मूल झोपेत हसतं' आत सोडली. 'हसतं' खाली पडलं आणि 'मूल झोपेत' एवढंच आत जाऊन एका कोपऱ्यात उभं राहिलं. माझा हात थांबला. 'भाऊ कामाला जातो' मधून 'कामाला' पडलं आणि 'भाऊ जातो' उरलं. 'आज सगळे परत आले' मी अर्थातच शेवटी ठेवली. कोणीही तेच करेल. पण भोंगा कधी होणार हे वाचणाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. कधी पाच ओळींनंतर व्हायचा, कधी सातांनंतर. माझ्या वेळी सहावी आत गेली आणि भोंगा वाजला. फट मिटली. बाहेर राहिलेल्या ओळी थोडा वेळ थांबल्या, मग एकेक करून डावीकडे वळून निघून गेल्या. 'आज सगळे परत आले' सर्वांत शेवटी गेली.

पुन्हा केलं. या वेळी शहाणपणा करून तीच ओळ सगळ्यात आधी आत सोडली. तिच्यातून 'सगळे' खाली पडलं. आत गेलं ते 'आज परत आले.'

मी डबा उघडलाच नाही. त्या सुट्टीत ती कविता मी पाच वेळा वाचली आणि पाच वेगळ्या कविता झाल्या, आणि कितीही डोकं लावलं तरी एकदाही सगळं नीट झालं नाही. दारावरचा पहारेकरी मीच होते. ओळ कोणती, केव्हा, हे माझ्या हातात होतं आणि तरी काहीच माझ्या हातात नव्हतं. ते बाहेरून हात पुसत आले. "आहे का काही?" त्यांनी विचारलं.

"गंमत आहे," मी म्हटलं. "खेळ म्हणून छान आहे."

"कविता नाही का?"

"कविता म्हणजे, इंगोले, कवीने निवडलेला क्रम. तो तुम्ही वाचणाऱ्यावर ढकलला, मग तुम्ही काय केलं?"

"भाऊ ज्या दारातून जाते तिथं क्रम त्याच्या हाती नसते ना जी," ते म्हणाले. "वहिनीच्याही नसते. म्हनून म्हटलं वाचनाऱ्याच्या हाती देऊन पाहू, त्याले कसं वाटते." मग स्वतःच म्हणाले, "पन तुमी म्हनता ते खरं असंन."

पुढचा महिनाभर सगळे जेवायला गच्चीवर गेले की मी ती कविता उघडत असे. कोणी आलं की बंद करत असे. चोरून वाचलेली ती एकच कविता. माझ्या स्वतःच्या कविता मला पाठ नाहीत, पण त्या नऊ ओळी, प्रत्येकीतून काय पडतं, काय उरतं, आणि खालच्या पट्टीत पडलेले शब्द जोडून काय वाचता येतं, ते मी आज झोपेतून उठवलं तरी सांगेन. प्रेमाने मी काही इतकं पाठ केलं नसतं. ती मला हवी होती. म्हणजे ती माझी असायला हवी होती.

मग दिवाळी अंकाचे संपादक ऑफिसात आले. दरवर्षी माझ्या कविता छापणारे, वयाने मोठे, मोजकं बोलणारे गृहस्थ. मीच त्यांना बोलावलं होतं, आमच्याकडे काय काय चालतं ते दाखवायला. माझा धडा बघून ते "हं" म्हणाले. मग इंगोल्यांच्या पडद्यासमोर बसले ते उठेनात. माउस धरायची सवय नव्हती, तरी दोन हातांनी धरून टिचक्या मारत होते. एकदा भोंगा झाल्यावर त्यांनी चक्क पडद्याला "अहो, थांबा" म्हटलं. शेवटी उठले आणि म्हणाले, "ही कविता आहे की काय आहे मला ठाऊक नाही. पण माझा चहा गार झाला. अंकासाठी द्या."

"कागदावर कशी येनार जी?" इंगोल्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," संपादक म्हणाले आणि गेले.

इंगोले माझ्याकडे आले. नऊ ओळी त्यांनी एका कागदावर लिहून आणल्या होत्या, तिरक्या, विखुरलेल्या, कुठे दोन ओळींत चार बोटं अंतर. "मॅडम, पडद्यावरचं मले जमते. कागद तुमाले समजते. तुमीच लावून द्या."

इथे मी खरं सांगते. मला ठाऊक होतं काय करायला हवं ते. तो कागद होता तसा, त्या अंतरांसकट छापायला द्यायचा. खाली निसटलेले शब्द वेगळ्या ओळीत ठेवायचे आणि वाचणाऱ्याला म्हणायचं, बघ तुला कसं जमतं. किंवा संपादकांना सांगायचं की ही कागदावर येत नाही, ऑफिसात येऊन वाचा. यातलं काहीही मी करू शकत होते. मी कोरा कागद घेतला आणि नऊ ओळी सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या क्रमाने एकाखाली एक लिहून काढल्या, एकही शब्द न सांडता. 'वहिनी चूल पेटवते, मूल झोपेत हसतं, भाऊ कामाला जातो' असं करत करत शेवटची ओळ 'आज सगळे परत आले.' नावही बदललं. 'झडती' दिवाळीला बरं दिसत नाही म्हटलं आणि 'माझा भाऊ' केलं. चौथीच्या पुस्तकात शोभेल अशी ती झाली. मी बघितलं आणि मला समाधान वाटलं.

"झालं," म्हणून मी कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला, पुन्हा वाचला. मागे भिंतीशी जाऊन बघितलं नाही. "बरं," म्हणाले. मला वाटलं होतं, निदान नावावरून तरी काही बोलतील. पण पेंटर लोकांचा एक रिवाज असतो, तो त्यांनीच एकदा मला सांगितला होता. पाटी रंगवायच्या आधी खडूने आखून मालकाला दाखवायची. मालकाने, किंवा मालकाने नेमलेल्या जाणत्या माणसाने एकदा पास केली की पुढे पेंटरने बोट लावायचं नाही. चूक दिसली तरी नाही. कवितेच्या दुकानातलं जाणतं माणूस मी होते. मी पास केलं, त्यांनी बोट लावलं नाही.

अंक आला. माझी कविता पानभर होती. त्यांची एका पानाच्या तळाशी, चकलीच्या भाजणीच्या जाहिरातीवर. संपादकांनी मला एकदा फोनवर विचारलं, "तीच का हो ही?" मी म्हटलं, "तीच. पडद्यावर जरा चमक होती, एवढंच." ते "हं" म्हणाले. इंगोल्यांच्या भावाने अंकाच्या पाच प्रती घेऊन क्वार्टरमध्ये वाटल्या. कोणी तरी पेढे आणले, ते इंगोल्यांनी ऑफिसात मला आधी दिले.

आठवड्याने मी त्यांना विचारलं, "दुसरी कधी करताय?" विचारण्याचं कारण चांगलं नव्हतं. दुसरी येते आहे का, हे मला आधी कळायला हवं होतं.

ते म्हणाले, "नाही जी. आता नाही कराचं. तुमी लावली म्हंजे बरोबरच लावली असंन. मी कागदावर लय वेळा वाचून पाहिली. त्यात काही नव्हतं. पडद्यावर हलत होती म्हनून मले वाटत होतं का काही आहे. ते हलनंच होतं."

हा क्षण होता. मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर चाललं असतं. मी म्हटलं, "होतं असं पहिल्या पहिल्यांदा." आणि माझ्या टेबलाकडे वळले.

पुढे सीडीचे दिवस संपले. बापटांनी तळमजला एका डबेवालीला भाड्याने दिला. इंगोले एका मोठ्या कंपनीत गेले. परदेशातल्या लोकांच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे ठेवायचं, काय दाबल्यावर काय पुढे यायचं, हे ठरवायचं काम. त्यांनी वाघोलीत फ्लॅट घेतला, असं ऐकलं. मी एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले. दुसरा संग्रह आला, तिसरा आला. पलंगाखालची जागा अपुरी पडली.

अलीकडे, गेल्या वर्षी, कॉलेजातली एक मुलगी माझ्याकडे आली. पडद्यावरच्या कवितेवर तिला प्रबंध लिहायचा होता. वाचणारा स्वतः क्रम ठरवतो, शब्द जागा सोडतात, तसलं सगळं तिने इंग्रजीत वाचलं होतं. "मॅम, मराठीत अर्ली असं कोणी केलंच नाही ना?" आणि मग तिने जुन्या अंकाची झेरॉक्स पुढे केली. "हे एक सापडलं. खाली लिहिलंय, मूळ संगणकावरील. पण खरं सांगू, फार बोअर आहे. इन्क्लूड नाही करत."

मी घरी जाऊन कपाट उपसलं. सीडी होती माझ्याकडे. बापटांचं ऑफिस बंद होताना मीच एक प्रत उचलली होती, कोणाला न सांगता. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने जुनं यंत्र जोडलं, फाइल दिसली, पण उघडेना. "मॅडम, हे सॉफ्टवेअरच राहिलं नाही आता. काय होतं याच्यात?" तो म्हणाला. म्हणजे 'झडती' आता जगात कुठेच नव्हती. होतं ते 'माझा भाऊ', चकलीच्या भाजणीवर, माझ्या हातचं. आणि बाकीचं माझ्या डोक्यात.

बापटांकडून नंबर घेऊन मी वाघोलीला गेले. आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली पाण्याच्या टँकरची रांग. इंगोले निवृत्त झालेले, केस पूर्ण पांढरे. शोभावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाणी आणलं आणि त्या आत गेल्या. इकडचं तिकडचं झालं. त्यांच्याकडेही कवितेची प्रत नव्हती. "त्यात ठेवन्यासारखं काय होतं," ते म्हणाले. मग मी येताना रिक्षात घोकलेलं बोलले.

"इंगोले, तुमची कविता मी मुद्दाम वाईट लावली होती."

"मुद्दाम म्हंजे?"

"म्हणजे ती कशी ठेवायला हवी ते मला माहीत होतं. मला तुमचा हेवा वाटत होता. म्हणून मी तिची वाट लावली. आणि तुम्ही म्हणालात त्यात काही नव्हतं, तेव्हा मी गप्प बसले."

मी त्यांच्या रागाची तयारी करून आले होते. माफ करतील, याचीही थोडी केली होती. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते पुढे सरकून बसले.

"म्हंजे ती चांगली होती?"

हेवा वाटला हे कबूल करणं त्यामानाने सोपं होतं.

"हो," मी म्हटलं.

"किती?"

कोणी एवढ्या सरळपणे असं विचारत नाही. आमच्यात तर नाहीच. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं लिहिते आहे. तीन संग्रह आहेत. तशी एक मला जमली नाही."

ते उठले. मला वाटलं, डोळे पुसायला आत चालले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन हाक मारली. "शोभा, ये इकडे. गॅस बंद कर आन ये." वहिनी पदराला हात पुसत आल्या. "मॅडम, हिले सांगा."

"काय सांगू?"

"आता बोलले ते. जसंच्या तसं."

मी वहिनींना सांगितलं. की कविता फार चांगली होती, मी ती बिघडवली, आणि तशी मला जमली नाही. वहिनी नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी म्हनत नव्हती का तुमाले." आणि खुर्ची ओढून बसल्या. त्या दोघांकडे बघताना मला काय वाटलं ते लपवण्यात आता अर्थ नाही. मला पुन्हा हेवाच वाटला. माझी एखादी कविता चांगली आहे असं कोणी मला सांगितलं असतं, तर गॅस बंद करून यायला मी कोणाला हाक मारली असती?

इंगोल्यांनी तोवर फोन लावला होता. खडकीला, भावाला. तिकडून मोठ्याने "हॅलो, कोन?" आलं. "भाऊ, मी गजू. त्या ऑफिसातल्या मॅडम आल्या आहेत, आपली कविता छापनाऱ्या. त्या काय म्हनतात ते ऐक." त्यांनी फोन दोन्ही हातांनी माझ्या तोंडासमोर धरला.

"बोला मॅडम," ते म्हणाले. "त्याले आता ऐकू कमी येते. जरा मोठ्यानं सांगा."

मी घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं.